गोठलेली लस

बिघडलेली लस मी जाणूनबुजून जनावरांना टोचली आहे. एकदाच आणि एकाच गावात, पण जाणूनबुजून. नोकरीतले अनुभव लिहा असे कोणी सुचवले की माणसाला प्रथम आपण वाचवलेली जनावरे आठवतात. मलाही ती आठवली, आणि त्यांच्यावर एक गोड लेख सहज झालाही असता. पण त्या लेखातल्या प्रत्येक वाचलेल्या म्हशीमागे जसोंडी गावच्या एका गल्लीतल्या मेलेल्या म्हशी उभ्या राहिल्या असत्या. म्हणून आधी त्यांच्याविषयी.

मी बुऱ्हाणपूर जिल्ह्यात पशुवैद्यकीय खात्यात क्षेत्र अधिकारी आहे. गावोगावी मला डॉक्टरसाहेब म्हणतात. मी डॉक्टर नाही, पदविका घेतलेला माणूस आहे. लसीकरण, प्राथमिक उपचार, आणि मोठा आजार दिसला तर डॉक्टरांना कळवणे, एवढे माझे काम. सुरुवातीला मी लोकांची चूक दुरुस्त करीत असे. नंतर करेनासा झालो. स्वभावातल्या खोटेपणाची सुरुवात अशा लहान जागीच होत असावी.

आमच्या कामाचा मोठा भाग श्वासाशी संबंधित आहे. जनावर बोलत नाही, पण श्वास घेते, आणि छातीत किंवा घशात जीवाणू शिरले की त्या श्वासाला आवाज येतो. त्यामुळे डोळ्यांइतकेच कान लागतात. फोपनारला केळीच्या बागेच्या कडेला एका तरुणाची कोंबड्यांची शेड आहे. त्याची तक्रार अशी की कोंबड्या शिंकतात, घशात घरघर करतात, वजन धरत नाहीत.

"साहेब, दवा तर रोज देतोय पाण्यातून. फिर भी फरक नाही."

अशा वेळी करायची एक गोष्ट फार सोपी आहे. पंखे बंद करायचे आणि शेडच्या मध्यावर उभे राहून एक लांब शीळ घालायची. सगळ्या कोंबड्या दचकून एकदम गप्प होतात. त्या क्षणभराच्या शांततेत आजारी कोंबडीची शिंक वेगळी ऐकू येते, कोणी टिचकी वाजवावी तशी. त्या शेडमध्ये मी शीळ घातली आणि चारी कोपऱ्यांतून टिचक्या आल्या. माझ्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होते. थंडीसाठी पडदे सोडलेले, खाली अंथरलेले भाताचे तूस ओले, आणि विष्ठेचा उग्र वायू कोंडलेला.

"तुम्ही इथे किती वेळ थांबता?" मी विचारले.

"दाणा टाकतो अन् निकलतो साहेब. आँख जलती है."

"तुमचे डोळे जळतात म्हणून तुम्ही निघता. त्यांनी कुठे निघायचं?"

त्याच दुपारी त्याने पडदे वर केले, तूस बदलायला घेतले, आणि आपल्या मनाने औषध देणे थांबवून डॉक्टरांना मेलेली कोंबडी दाखवायला गेला. पुढच्या खेपेला मी दारात गाडी लावतो तोवर आतून त्याचीच शीळ ऐकू आली. चूक कळल्यावर इतक्या लवकर वळणारी माणसे मी नेहमीच आदराने पाहत आलो आहे, कारण मी तसा नव्हतो.

राजघाटाजवळ माझ्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी तर मी दौऱ्यावर असताना गाईचा श्वास मला फोनवर ऐकवला. "नाकाशी फोन धरला आहे, नीट ऐका," असे ते म्हणाले. मला श्वास ऐकू आला, देवळातली घंटा ऐकू आली, आणि मागून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "अहो, फोन काढा, ती चाटतेय." गाय बरी होती. मास्तर घाबरलेले होते. त्यांचे घाबरणेही मला आवडले. माणूस जनावरासाठी घाबरतो तोवर आमच्या धंद्याला अर्थ आहे.

आता घटसर्प. आमच्याकडे हिंदीत त्याला गलघोंटू म्हणतात, आणि दोन्ही नावे खरी आहेत. हा जीवाणू धडधाकट जनावराच्या घशातही गुपचूप राहू शकतो. जनावर दमले, उपाशी राहिले, हवा एकाएकी पालटली की तो उठतो, आणि एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. ताप भडकतो, लाळ गळते, गळ्याखाली सूज येते, श्वास घर्र घर्र वाजू लागतो. म्हशीला तो गाईपेक्षा लवकर गाठतो. सकाळी चरलेली म्हैस दुसऱ्या सकाळी नसते. उपचार आहे, पण तो अगदी सुरुवातीला झाला तर. म्हणून खरा भरवसा पावसाळ्याआधीच्या लसीवर.

आणि लस घ्यायला तेव्हा लोक तयार नसत. सुई टोचली की दोन दिवस दूध कमी होते, मानेवर गाठ येते, गाभण म्हैस गाभ टाकते अशी भीती. आम्ही गावात शिरलो की गोठ्यांची दारे लागत. जसोंडीत ही दारे उघडली ती सुपडूभाऊ चौधरींनी. दोन-तीन म्हशी आणि थोडी कपाशी असलेला माणूस. पद नाही, पुढारीपण नाही. पण तोंड असे की ज्याच्यावर टीका करतील तोही हसत घरी जाई. मी नोकरीत नवा होतो. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "साहेब, तुमी सरकारी बोलू नका. मले बोलू द्या."

मग ते दारोदार फिरले. मी मागे उभा राहून ऐकत असे.

"दूध कमी देते म्हने म्हैस," एकजण म्हणाला.

"दोन दिवस काळा चहा पी. तुह्या तोंडाले तसाबी काळाच शोभतो."

"अन् गाठ आली तं?"

"मानेवर येईन ना? तुह्या डोक्यात हाये तिच्याहून लहानच राहीन."

असे करत त्यांनी अख्खी गल्ली राजी केली. त्यांच्या पत्नी केशरवहिनी या कमी बोलणाऱ्या, पण बायकांमधले काम त्यांनी केले. दूध काढणे बायकांच्या हातात, म्हणून खरी संमती त्यांचीच लागते, हे त्यांना ठाऊक होते. आमच्या खात्यात त्या काळी एवढी गर्दी कोणी जमवली नव्हती.

लसीकरणाच्या आदल्या दिवशी आमच्या केंद्रातली वीज सकाळपासून गेली. लस थंड ठेवायची असते, पण गोठू द्यायची नसते. बाहेरच्या माणसाला वाटते की जितकी थंड तितकी चांगली. तसे नाही. गोठलेली लस पुन्हा वितळली तरी निकामी होते. हे मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. पण मे महिन्यातले बुऱ्हाणपूर, बंद पडलेला फ्रिज, आणि सकाळी सुपडूभाऊंनी जमवलेले गाव. मी बाटल्यांचा डबा ओळखीच्या कुल्फीवाल्याकडे नेला आणि त्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवला. थोड्या वेळाने येऊन काढून घेईन असे सांगितले. तिथून एका मित्राच्या लग्नाच्या पंगतीला गेलो. गप्पा रंगल्या, मावा जिलेबी आली, आग्रह झाला. उठून आलो तेव्हा कुल्फीवाला दुकान बंद करून गेलेला होता. त्याचे घर मला माहीत होते. मी गेलो नाही. 'राहू दे, थंडीतच तर आहे,' असे मनाशी म्हणालो. माझ्या आयुष्यातले सर्वांत महागडे वाक्य ते.

सकाळी बाटल्या दगडासारख्या निघाल्या. जसोंडीला पोहोचेपर्यंत उन्हाने त्या वितळल्या. चांगली लस दुधासारखी एकजीव पांढरी दिसते. या बाटल्यांत खाली पाणी आणि वर तेलकट साय, असे फुटलेल्या दुधाचे रूप आले होते. मी हलवून पाहिले. एकजीव होईना. पुन्हा हलवले. समोर पारावर गाव उभे होते. सुपडूभाऊ दावे धरून सगळ्यांत पुढे. "या साहेब, नवरदेवाची वाट पाहून राहिलो," ते म्हणाले, आणि लोक हसले.

त्या हसण्यापुढे मला 'आज लस नाही' असे म्हणता आले नाही. सिरिंज भरली. पहिली म्हैस केशरवहिनींची होती.

पाऊस सुरू झाला, मग मध्येच उघडीप पडून उकाडा परतला, आणि जसोंडीहून निरोप आला. मी गेलो तेव्हा केशरवहिनींची म्हैस गोठ्यात मान ताणून पडली होती. गळा सुजलेला, जीभ बाहेर, श्वासाचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू येत होता. आमचे डॉक्टर आले, शिरेतून औषध दिले, पण वेळ टळून गेली होती. पुढच्या काही दिवसांत त्या गल्लीतल्या आणखी म्हशी गेल्या.

पहिली म्हैस गेली त्या दुपारी पारावर माणसे जमली. कोणी आवाज चढवला नाही. एका म्हाताऱ्याने एवढेच विचारले, "साहेब, सुई टोचली होती ना?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "जनावर काल कुठे नेलं होतं?"

केशरवहिनी गोठ्याच्या दारातून म्हणाल्या, "नाल्यावर. डोहात बसवली घडीभर. लय तापली होती."

"मग तिथेच झालं," मी म्हणालो. "तापलेलं, दमलेलं जनावर एकदम गार पाण्यात नेलं. लस तरी किती करणार?"

जनावरावर ताण आला की रोग उठतो, हे पुस्तकात आहे. म्हणजे मी खोटे बोललो असे कोणी सिद्ध करू शकले नसते. पण लोकांच्या नजरा माझ्यावरून उठल्या आणि केशरवहिनींवर जाऊन बसल्या. हे मी पाहिले. मला सुटल्यासारखे वाटले, हेही मला आठवते. पुढच्या म्हशी गेल्या तेव्हा मला काही बोलावेच लागले नाही. गाव आपणच म्हणू लागले की केशरच्या म्हशीने डोहातून रोग आणला आणि गल्लीला दिला.

सुपडूभाऊंना लोक 'सुईवाला' म्हणू लागले. त्यांनी ते नाव हसून पचवले. पुढच्या वर्षी लसीची वेळ आली तेव्हा गोठ्यांची दारे पुन्हा लागली होती. ते पुन्हा फिरले. माझ्यादेखत एकाला म्हणाले, "लस खरी होती रे बाप्पा. चूक आमच्या घरची झाली. तुह्या घरची नको व्हायले." आणि आपली पारडी सर्वांत आधी पुढे आणली. तिचे दावे धरून केशरवहिनी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ती लस मी स्वतः शहरातून बर्फाच्या डब्यात, बर्फ बाटल्यांना लागू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठा घालून आणली होती, आणि लोकांसमोर प्रत्येक बाटली उजेडात धरली होती. त्यानंतर आजतागायत शंका आलेली एकही बाटली मी वापरलेली नाही. याचे मला कौतुक नको आहे. ज्यांच्या जिवावर हे शिकलो त्यांना सांगितल्यावाचून शिकलो, इतकेच.

का सांगितले नाही, याचे उत्तर माझ्यापाशी तयार असे. सांगितले तर गावे लस सोडतील, आणखी जनावरे मरतील. हे कारण खोटे नाही, म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले. पण एकांतात विचार केला की कळते, मला लसीच्या नावाची काळजी थोडी आणि माझ्या नावाची पुष्कळ होती.

बदल्या झाल्या. खंडव्याकडे पुष्कळ वर्षे काढून अलीकडे पुन्हा बुऱ्हाणपूरला आलो. गेल्या उन्हाळ्यात लसीकरणाचा दिवस कळवायला जसोंडीला गेलो. आता दारे लागत नाहीत, उलट लोक विचारतात की यंदा उशीर का. सुपडूभाऊंच्या अंगणात गेलो. ते थकलेले, खाटेवर. गोठ्यात केशरवहिनी एका म्हशीच्या अंगावर तांब्याने पाणी घालीत होत्या. गुडघे वाकलेले, बादली उचलताना भिंतीचा आधार घेत होत्या. सून हँडपंपावरून पाणी आणत होती.

"डोह आटला का?" मी सहज विचारले.

सून हसली. "डोह भरलेलाच आहे साहेब. सगळं गाव म्हशी तिकडेच नेतं. आमच्या सासूबाई सुनतच नाहीत. एवढी वर्षं झाली, बस हँडपंप मारा. कंबर टूट गई."

केशरवहिनी म्हणाल्या, "बोल तू. मी एक डाव नेली होती, साऱ्या गल्लीले भोवलं. पुन्हा नाही."

म्हैस पाण्याखाली डोळे मिटून उभी होती. मी अंगणात उभा राहिलो आणि मला समजले की मी त्या बाईला एका वाक्यात रोज पाणी वाहायला लावले होते, आणि ती ते तक्रारीविना वाहत होती.

मी खाटेजवळच्या पाटावर बसलो आणि सांगितले. वीज, कुल्फीवाला, पंगत, फुटलेली लस, सगळे. लस चांगली असती तर त्या म्हशी बहुधा वाचल्या असत्या, हेही. डोहात तर गल्लीतले सगळेच म्हशी नेत होते, त्यात त्यांची एकटीची काही चूक नव्हती, हेही सांगितले.

सुपडूभाऊ खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी सांगून टाकलं असतं तं काय झालं असतं?"

"जमलेलं गाव परत पाठवावं लागलं असतं. तुमची मान खाली गेली असती."

"मी बोलावलं होतं, मीच धाडलं असतं. चार शिव्या भेटल्या असत्या. मले का शिव्यांची सवय नव्हती? तुमी माहा विचार केला म्हनता, पन मले विचारलं नाही."

केशरवहिनींनी तांब्या बादलीत ठेवला आणि पदराला हात पुसले.

"डोहाचं तुमी पारावर म्हनले होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"मंग मले घरात सांगून काय फायदा? पारावर म्हना."

मी माझे जुने कारण पुढे केले. म्हणालो, लोक घाबरतील, लस सोडतील.

"ते माह्यावर सोडा," त्या म्हणाल्या. "साऱ्या गावानं मले बोल लावले, तरी मी कोनाले सुई नको म्हनलं का? सालोसाल माही म्हैस पहिली उभी केली. आता तुमची पाळी."

सुपडूभाऊ हसले. "साहेब, खराब दूध भेटलं म्हनून कोनी चहा सोडत नाही. बोला तुमी."

मी माझ्या पेशात शिकलेली माणसे पुष्कळ पाहिली, नामांकित डॉक्टर पाहिले, त्यांच्या हाताखाली काम केले. कोणाच्याही धीराने मला इतके लहान केले नाही आणि इतके सावरलेही नाही. तेथून परतल्यावर वरिष्ठांना जे कळवायचे होते ते मी कळवले. त्याचे जे व्हायचे ते होईल.

लसीकरणाच्या सकाळी पार भरला होता. जुनी माणसे थोडी, त्यांची मुले जास्त. म्हशींची दावी आवळून सगळे उन्हाच्या आधी मोकळे होण्याच्या घाईत होते. मी डबा उघडला नाही, पारावर चढून उभा राहिलो. मागून कोणी तरुण म्हणाला, "साहेब, भाषण नंतर, गरमी होऊन राहिली." सुपडूभाऊंना खुर्चीत बसवून आणले होते. ते त्याला म्हणाले, "चूप बैस. आज साहेब आपल्या गावचं बोलणार आहे."

केशरवहिनी पुढे उभ्या होत्या, हातात दावे. या वेळी त्या माझ्याकडे सरळ पाहत होत्या. मी आयुष्यभर हळू बोलणारा माणूस आहे, पण शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो.

"तुमच्यापैकी जुन्यांना आठवत असेल, लस टोचूनही या गल्लीतल्या म्हशी घटसर्पाने गेल्या होत्या. ती लस माझ्या हलगर्जीपणाने गोठून निकामी झाली होती. मला ते टोचण्याआधी दिसलं होतं, तरी मी ती टोचली. नंतर याच पारावर उभं राहून मी दोष केशरवहिनींवर टाकला, त्यांनी म्हैस डोहात नेली म्हणून. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांच्या म्हशीने कोणाच्या घरी रोग आणला असं कोणी यापुढे म्हणू नका. तुमची जनावरं माझ्यामुळे गेली. केशरवहिनी, मी तुमचा अपराधी आहे. मला क्षमा करा."